वाकांडा, वरळी आणि आमचा रविवारचा वर्ग

पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, पूर्वेच्या एका उपनगरात मी राहते. आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी आणि रविवारी सकाळी दोन तास मराठी शाळा, असा बऱ्याच वर्षांचा परिपाठ. शाळा म्हणजे भाड्याने घेतलेल्या तीन खोल्या, एक खडूचा डबा आणि पालकांनी आळीपाळीने आणलेला चहाचा थर्मास. माझ्याकडे मोठा वर्ग असायचा. चौदा ते सतरा वयाची अकरा मुलं, सगळी आईवडिलांच्या आग्रहाखातर आलेली. मराठी कळतं, पण बोलताना क्रियापद इंग्रजी आणि प्रत्यय मराठी.

हे प्रकरण २०१८ च्या फेब्रुवारी ते जूनमधलं. नावं बदलली आहेत आणि कुणाची ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील फिरवले आहेत. चूक मात्र माझीच आहे, ती फिरवलेली नाही.

१६ फेब्रुवारीच्या शुक्रवारी 'ब्लॅक पँथर' लागला. रविवारी वर्गात आले तर अकरापैकी सात जणांनी तो पाहिलेलाही होता. सुपरहिरोचे सिनेमे ही मुलं एरवीही बघतात, पण हा त्यांच्या अंगणातला होता. छोट्याशा प्रस्तावनेनंतर सिनेमा सुरू होतो तोच १९९२ च्या ओकलंडमध्ये. दुधाच्या क्रेटचं बुड काढून केलेल्या बास्केटमध्ये पोरं चेंडू टाकताहेत आणि वरून एक यान निघून जातं. दिग्दर्शक रायन कूगलर मूळचा ओकलंडचाच. त्याचा पहिला सिनेमा २००९ च्या पहिल्या पहाटे फ्रूटवेल स्टेशनवर पोलिसाच्या गोळीने मेलेल्या ऑस्कर ग्रँटवर होता. शहरात जाताना आमच्या मुलांची बार्टची गाडी त्याच स्टेशनावर थांबते. तरी ओकलंड म्हटलं की त्यांना विमानतळ आणि वॉरियर्स हा बास्केटबॉलचा संघ आठवायचे आणि आईवडिलांचं ठरलेलं वाक्य, 'अंधार पडल्यावर तिकडे नको.'

मला या सिनेमाचं आकर्षण वाटलं ते भाषेमुळे. वाकांडा या सिनेमातल्या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा टचाला घरच्यांशी खोसा बोलतो. ही दक्षिण आफ्रिकेतली खरीखुरी भाषा आहे, टाळूवर जीभ आपटून काढलेल्या टकटक आवाजांची. आधीच्या एका सिनेमात राजाचं काम करताना जॉन कानी या ज्येष्ठ नटाने ती सुचवली आणि पुढे ती वाकांडाचीच भाषा झाली. जवळजवळ २० कोटी डॉलर खर्चून काढलेला सिनेमा लोकांना खाली अक्षरं वाचायला लावतो आणि लोक मुकाट्याने वाचतात, हे रविवारी सकाळी सक्तीने मराठी शिकणाऱ्या पोरांना सांगायची संधी मी कशी सोडणार?

मग कपडे निघाले. सीमेवरच्या टोळीच्या अंगावरची घोंगडी लेसोथोची, राणीमातेची टोपी झुलू लग्न झालेल्या बायकांच्या टोपीवरून घेतलेली आणि यंत्राने थर चढवून छापलेली. 'आफ्रोफ्युचरिझम' हा शब्द फळ्यावर लिहून मी एवढंच सांगितलं की, ज्यांचा भूतकाळ जहाजात कोंबून तोडला, त्यांनी तो न तुटता भविष्यात नेला असता तर काय दिसलं असतं, याची ही कल्पना. शब्द नव्वदीतला, उद्योग जुना. सन रा नावाचा जॅझवाला आपण शनीवरून आलोय असं सांगायचा आणि १९७१ मध्ये तो बर्कलीत विद्यापीठात शिकवतही होता. मुलांना हा माणूस सिनेमापेक्षा जास्त आवडला.

आधीची एक ठिणगी

सिनेमातल्या डोंगरी टोळीचा देव गोरिला, आणि त्याचं नाव ठेवलंय हनुमान. टोळीचा म्होरक्या मबाकू राज्याभिषेकाच्या सोहळ्यात हनुमानाचा जयजयकार करतो. आमची मुलं थिएटरात ओरडली म्हणे. एकाचा पुण्यातला मावसभाऊ मात्र व्हिडिओ कॉलवर हटून बसला, 'असं काही नाहीच आहे.' दोघांचंही खरं होतं. भारतात लागलेल्या प्रतीत सेन्सॉर बोर्डाने तो शब्द म्यूट केला होता.

दोन पालकांचे ईमेल आले. एकाला अपमान वाटला, एकाला अभिमान. पुढच्या रविवारी मी मुलांनाच दोन्ही बाजू मांडायला लावल्या. चर्चा छान झाली, कुणी दुखावलं नाही, समितीने पाठ थोपटली. त्यामुळे मला वाटलं, हा वर्ग काहीही पेलू शकतो. आज मागे वळून बघते तेव्हा घसरण इथूनच सुरू झाली असं दिसतं. हनुमानाच्या वादात वर्गातल्या एकालाही स्वतःबद्दल काही उघड करावं लागलं नव्हतं.

प्रसंग

जूनच्या स्नेहसंमेलनात प्रत्येक वर्गाला बारा मिनिटं मिळत. मार्चमध्ये विषय ठरवायला बसलो. मुलांनी एका आवाजात ब्लॅक पँथर म्हटलं. मग सानिकाने हात वर केला. पंधरा वर्षांची, वर्गातली सगळ्यात कमी बोलणारी.

"काकू, आजोबा म्हणाले आपल्याकडे पण पँथर होते. मुंबईत. आजोबा स्वतः होते."

वर्गात एकदम कल्ला. कुणी मनगटं छातीवर फुली मारून वाकांडाचा सलाम ठोकला. सानिका लाजली, पण खूश होती. आणि मी? मी खडू उचलला.

फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. जुलै १९६६, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या कॉमिकमध्ये हे पात्र पहिल्यांदा आलं. ऑक्टोबर १९६६, ओकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी काढली. कॉमिक आधीचं, पण दोन्ही नावं आपापल्या वाटेने आलेली. २९ मे १९७२, मुंबईत दलित पँथर, आणि हे नाव मात्र थेट ओकलंडकडे बघून घेतलेलं. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावं लिहिली. वरळीच्या बीडीडी चाळी, जानेवारी १९७४ ची दंगल. मला स्वतःला रंगत चढत गेली. खाडीपलीकडून निघालेला शब्द वरळीला जाऊन आमच्या वर्गात परत आला होता!

शेवटी मी म्हणाले, "सानिका, आजोबांना घेऊन ये ना वर्गात."

तेव्हा ईशानने विचारलं. खोडसाळपणा नव्हता त्यात, तो सगळंच असं विचारतो. "सो काकू, सानिका इज दलित? मग आम्ही कोण?"

खोलीत शांतता पसरली. सानिकाने वही बंद केली, पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मी म्हणाले, "हा प्रश्न आपण पुढच्या वेळी घेऊ." म्हणजे प्रश्न थांबवलाही नाही आणि उत्तरही दिलं नाही. लोंबकळत ठेवला, तोही तिच्या डोक्यावर.

रात्री तिच्या वडिलांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ते वरळीच्या चाळीत वाढले, इंजिनिअर झाले, १९९९ मध्ये इकडे आले. येण्याआधी गॅझेट करून आडनाव बदललं. मुलं अठराची झाली की सांगायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं. पण भारतातून आलेल्या आजोबांनी नातीच्या फोनवर सिनेमाचं पोस्टर पाहिलं, हसले आणि बोलून गेले. सानिकाला कळून अकराच दिवस झाले होते.

"ताई, तुम्ही चांगल्या मनानेच केलंत, कळतं मला," ते म्हणाले. "पण माझ्या घरातली गोष्ट तुमच्या फळ्यावर गेली. मला विचारलं असतं, तर कदाचित मीच येऊन बोललो असतो."

पर्याय

सोमवारपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धुरळा उडाला होता. कॅलिफोर्नियाच्या पाठ्यपुस्तकांत जातीबद्दल काय लिहावं यावर २०१६ मध्ये इथल्या भारतीयांत जे रण माजलं, त्याच्या जखमा ताज्या होत्या. समितीचं म्हणणं साधं होतं: सिनेमा चालेल, राजकारण नको, नाहीतर लेझीम बसवा. 'राजकारण नको' हे त्या सिनेमाबद्दल म्हणणं म्हणजे वरणात डाळ नको म्हणण्यासारखं, पण तो वाद मी घातला नाही.

दुसरीकडे दोन पालक माझ्या बाजूने हिरिरीने उतरले. आता माघार घ्यायची नाही, ओकलंड ते मुंबई असंच सादर करायचं, सानिकाने निवेदन करायचं. त्यांचा उत्साह खरा होता. पण ते सानिकाबद्दल बोलत होते तेव्हा झेंड्याबद्दल बोलल्यासारखं वाटत होतं. मीही दोन दिवस त्यांच्याच सुरात होते, हे कबूल करते.

तिसरा मार्ग, विषय रंगमंचावर न नेता वर्गात शिकवायचा.

चौथा, आधी सानिकाला आणि तिच्या घरच्यांना विचारायचं. हा मला चौथा सुचला! माझं आडनाव सांगितलं की पुढचं कुणी काही विचारत नाही. अशा आडनावाने वाढलेल्या माणसाला 'लपवणं' म्हणजे भित्रेपणा वाटतो, कारण त्याला कधी लपावं लागलेलं नसतं.

त्या आठवड्यात सिनेमा मी दुसऱ्यांदा पाहिला आणि वेगळाच दिसला. वाकांडाचा मूळ प्रश्न व्हायब्रेनियम या त्यांच्या मौल्यवान धातूचा नाहीच. दिसायचं की लपून राहायचं, हा आहे. टचालाचा बाप राज्य लपवण्यासाठी ओकलंडमध्ये सख्ख्या भावाला मारतो आणि त्याचा पोरगा तिथेच सोडून जातो. तो पोरगा, किलमाँगर, अर्धवट सत्य घेऊन वाढतो आणि त्याची आग होते. शेवटी टचाला जगासमोर येतो. पण तो येतो सिंहासनावरून, मागे सैन्य आणि जगातला सगळ्यात मौल्यवान धातू घेऊन. आडनाव गॅझेट करणाऱ्या माणसाकडे यातलं काय होतं?

काय केलं

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि सगळ्यांसमोर सानिकाची माफी मागितली. आजोबा सोफ्याच्या टोकाला बसले होते, पायात लोकरीचे मोजे, हातात चहाची बशी. ते म्हणाले, "पोरीला विचारा. मी काय, मी तर चाळीस वर्षं बोलतोच आहे."

सानिकाने विचार करून सांगितलं. वर्गात विषय चालेल, स्टेजवर नको. आणि "आजोबा शो अँड टेल नाहीत." मी हे वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

ईशानशी स्वतंत्र बोलले. त्याला रागावले नाही. त्याने विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, तो चारचौघांत दुसऱ्याच्या अंगावर टाकणं चुकीचं होतं. त्याचा दुसरा प्रश्न, 'मग आम्ही कोण', त्याने घरी विचारावा असं सुचवलं. त्याच्या आईचा मला फोन आला, तो सुखाचा नव्हता. वर्गासाठी एकच नियम केला, कुणी कुणाला जात विचारायची नाही आणि कुणी आपणहून सांगितली तर त्यावर टाळ्याही वाजवायच्या नाहीत.

मग पाच रविवार शिकवलं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे ऐकून मुलं चाट पडली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंताला पत्र लिहिलं होतं तेही सांगितलं. सिनेमातल्या संग्रहालयाच्या प्रसंगावर एक अख्खा तास गेला. किलमाँगर तिथल्या बाईंना विचारतो, तुमच्या पूर्वजांनी या वस्तू रास्त भावाने विकत घेतल्या होत्या का? तिथून १८९७ मध्ये ब्रिटिशांनी केलेली आफ्रिकेतल्या बेनिनची लूट आणि तिथून साहजिकच कुणीतरी कोहिनूर काढला.

सगळ्यात पेटली ती किलमाँगरवरची चर्चा. बहुतेकांचं मत, तो प्रश्नाबद्दल बरोबर, शस्त्रांबद्दल चूक. पण तेरेसा नावाच्या मुलीने (आई वसईची, वडील इथले) वेगळाच धागा ओढला. जो सगळ्यांच्या मुक्तीची भाषा बोलतो तो मरतो, सीआयएचा माणूस मात्र विमानं पाडून हिरो होतो, आणि शेवटी राजा ओकलंडमध्ये इमारती घेऊन सेवा केंद्र उघडतो. "पण काकू, पार्टीने राजा नसताना मुलांना ब्रेकफास्ट दिला ना?" दिला होता. जानेवारी १९६९, वेस्ट ओकलंडमधल्या एका चर्चमध्ये. ज्या सीआयए-एफबीआयच्या जगाने त्या पार्टीचा पाठलाग केला, त्यातलाच एक गोरा भला माणूस सिनेमात मदतीला येतो, ही डिस्नेच्या पैशांची किंमत असावी. तरी याच सिनेमाने सहा-सात वर्षांच्या काळ्या मुलांना राजा होऊन शाळेत जायला लावलं, हेही आम्ही त्या महिन्यात ओकलंडच्या रस्त्यांवर डोळ्यांनी पाहत होतो. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी बार्टने वेस्ट ओकलंडला गेलो. अकरापैकी सात मुलं आली. डिफ्रेमरी पार्कला तिथले लोक लिटल बॉबी हटन पार्क म्हणतात. पार्टीतला अगदी सुरुवातीचा सभासद, ६ एप्रिल १९६८ ला पोलिसांच्या गोळ्यांनी मेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. आजोबा आपणहून आले होते. बाकावर बसले, वय ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मग मोर्चात मारल्या गेलेल्या भागवत जाधव या दलित पँथरबद्दल बोलले. १० जानेवारी १९७४, वरळीच्या दंगलीनंतरचा मोर्चा, इमारतीवरून आलेला दगड. पंधरा मिनिटंसुद्धा बोलले नसतील. ढसाळ आणि ढाले यांच्या वाटा त्याच वर्षी वेगळ्या झाल्या, हे सांगताना त्यांचा सूर घरातल्या भांडणाबद्दल बोलावं तसा होता. ईशानने त्यांना संत्रं सोलून दिलं. मी काहीही रेकॉर्ड केलं नाही आणि फोटो काढला नाही.

निष्पत्ती

स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने नऊ मिनिटांचं सादरीकरण केलं: सिनेमातली खोसा आणि आमची मराठी. टाळ्या पडल्या. पँथरचा उल्लेख नव्हता. दोन मुलांनी त्यात भाग घ्यायला नकार दिला, एक तेरेसा आणि दुसरा ईशान. 'खरी गोष्ट सोडून बाकीचं का दाखवायचं' असं त्याचं म्हणणं. समितीला हायसं वाटलं, मला नाही.

सानिका जूनपर्यंत आली. सप्टेंबरमध्ये तिचं आणि धाकट्या भावाचं नाव यादीत नव्हतं. रविवारी पोहण्याचा क्लास असतो, असं कळवलं होतं. दुसऱ्या एका कुटुंबाने उलट कारणाने शाळा सोडली, त्यांना हे सगळं फार झालं होतं. पुढे २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्धचं विधेयक कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, गव्हर्नरने ऑक्टोबरमध्ये ते फेटाळलं, आणि आमच्या ओळखीतली घरं पुन्हा तशीच दुभंगली. त्या वेळी मी समितीत नव्हते.

आज करायचं झालं तर

फळ्यावरचा इतिहास मी तसाच शिकवेन. शिकवण्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण 'आजोबांना घेऊन ये' हे वाक्य वर्गात म्हणणार नाही. सानिकाने दिलं तेवढं घेईन, म्हणेन "छान, आजोबांना नमस्कार सांग", आणि संध्याकाळी तिच्या घरी फोन करेन. पँथरचा इतिहास पुढच्या रविवारी, तिच्याशी न जोडता, ढसाळांच्या कवितेपासून सुरू करेन. म्हणजे तो सगळ्यांचा राहील.

'मग आम्ही कोण' याचं उत्तर मी आधी द्यायला हवं होतं, माझ्यापासून. माझी जात, ती मला काय देऊन गेली, हे मी वर्गात सांगितलं ते शेवटच्या रविवारी, घड्याळाकडे बघत. ते पहिल्या दिवशी, त्या शांततेतच सांगता आलं असतं. नजरा सानिकाकडून माझ्याकडे वळल्या असत्या, आणि त्या झेलायला मी पुरेशी मोठी होते.

पालकांना दोन आठवडे आधी लेखी कळवायला हवं होतं, हे समितीचं म्हणणं मला आता पटतं. परवानगीसाठी नव्हे. ज्या घरात काही सांगायचं राहिलंय, त्यांना ते आपल्या वेळेने सांगायला अवधी मिळावा म्हणून.

स्टेजचं अजूनही ठरत नाही. सानिकाला नको होतं म्हणून तिची गोष्ट गाळली हे योग्यच. पण फुले, डू बॉइस, बॉबी हटन ही काही तिची खाजगी गोष्ट नव्हती. ते गाळलं ते समितीसाठी, आणि नाव सानिकाच्या इच्छेचं पुढे केलं. ईशानला ते तेव्हाच दिसलं होतं.

२८ ऑगस्ट २०२० ला टचालाचं काम करणारा चॅडविक बोसमन कर्करोगाने गेल्याची बातमी आली. त्या रात्री दोन वर्षांनी सानिकाचा मेसेज आला, देवनागरीत. राजा ढाले आदल्या वर्षीच गेले होते, ढसाळ त्याआधी. तिने मुंबईला आजोबांना फोन करून सांगितलं होतं की पँथर गेला.

"काकू, ते विचारतायत, कोणता? वरळीचा का?"